वधूवर सूची आणि चार बोटांचा पडदा

आपल्या मंडळांच्या वधूवर सूची छापील पुस्तिकांतून संकेतस्थळांवर गेल्या, ही सोय झाली खरी. पण घरोघरी त्या पाहिल्या जातात मोबाइलवर, आणि घोटाळा तेथेच होतो. नाव, जन्मसाल, शिक्षण, व्यवसाय, गाव, अपेक्षा हे रकाने चार बोटांच्या पडद्यावर मावत नाहीत. शेवटचे उजव्या कडेपलीकडे जातात. 'पुनर्विवाहास हरकत नाही' हे शब्द नेमके तेथेच असतात. ते न दिसल्याने एखादी माउली जुळण्यासारखे स्थळ ओलांडून पुढे जाते.

दोष एचटीएमएलचा नव्हे. १९९७ च्या ३.२ या आवृत्तीत 'टेबल' प्रमाण ठरले, तेव्हा पडदे मेजावरचे होते. २००७ साली आलेला आयफोन तर पान ९८० पिक्सेल रुंद धरून ते आक्रसून दाखवी. म्हणून पानाच्या शिरोभागी व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग आधी हवा. एरवी अक्षरे मुंगीएवढी दिसणार.

सोपा उपाय असा, की टेबलाभोवती एक 'डिव्ह' घालून त्यास 'ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो' द्यावे. मग पान जागीच राहते, तक्ता तेवढा आडवा सरकतो. नावाचा रकाना 'स्टिकी' करून डावीकडे खिळवावा आणि त्यास पार्श्वरंग द्यावा. तो विसरल्यास सरकणारी अक्षरे नावाखालून डोकावतात आणि पत्रिका जुळण्याआधीच गोत्रे मिसळतात! सरकपट्टी मोबाइलवर बहुधा लपलेली असते, तेव्हा 'तक्ता डावीकडे सरकवा' अशी ओळ वर लिहावीच.

वधूवर सूचीस मात्र आम्हांस दुसरी रीत अधिक रुचते. मीडिया क्वेरी लावून अरुंद पडद्यावर प्रत्येक ओळीचे उभे कार्ड करावे, प्रत्येक मजकुरापूर्वी रकान्याचे नाव यावे. स्थळ एकेक करूनच वाचले जाते. वर्गणीच्या हिशेबास ही रीत नको. तेथे आकड्याखाली आकडा हवा. शिवाय 'डिस्प्ले: ब्लॉक' केल्यावर अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरला तक्ता हा तक्ता म्हणून कळेनासा होऊ शकतो, म्हणून टेबल, ओळ आणि घर यांचे 'रोल' पुन्हा लिहून द्यावेत.

कित्येक जण मोबाइलपुरते काही रकाने लपवितात. हे आम्हांस मान्य नाही, कारण पुष्कळ घरांत दुसरा पडदाच नसतो. काढायचाच तर वर्णाचा रकाना काढावा, आणि तो सर्वच पडद्यांवरून.