अस्वलं स्केल होत नाहीत!

परवा जेवणाच्या सुट्टीत टीममधला एक मित्र डबा उघडता उघडता म्हणाला, "अरे, तुझी ती डोंबिवलीची मावशी टेडी बनवते ना? भारी बनवते यार. तिला सांग ना, जरा स्केल कर म्हणावं. माझ्या ओळखीचा एकजण वेबसाईट करून देईल, फुकट!"

मी काही बोललो नाही. पोळीचा तुकडा मोडला आणि गप्प बसलो. कारण दोन वर्षांपूर्वी अगदी हेच, एवढ्याच उत्साहानं, मी स्वतः मावशीला ऐकवलं होतं. त्याचं पुढे काय झालं हे डबा खाता खाता सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून आज शनिवारी निवांत लिहितोय. थोडं चिडून लिहितोय, सांभाळून घ्या.

तर मंडळी, आधी हे टेडी प्रकरण काय आहे ते सांगतो. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली सॉफ्ट टॉईजचे क्लास निघाले होते म्हणे. (तुमच्याही आईनं एखादा ससा केला असेल. शोकेसमध्ये बघा, कपबशांच्या मागे सापडेल.) मावशीची सुरुवात तिथलीच. पुढे इंग्लंडहून कुणीतरी एक पुस्तक आणून दिलं आणि ती सांध्यांची अस्वलं शिकली, म्हणजे ज्यांचे हात-पाय-मान फिरते ती.

हे काम मी तिच्या शेजारी बसून बघितलंय. फरच्या कापडाला लव असते आणि लवेला दिशा असते. तुकडे कापताना कात्रीचं नुसतं टोक आत घालून फक्त मागचं कापड कापायचं, लव कापायची नाही. शिवलं की शिवणीत अडकलेली लव सुईनं उचकून बाहेर काढायची. सांधे पाच: दोन हात, दोन पाय, एक मान. प्रत्येक सांध्यात दोन चकत्या आणि मधे पिन किंवा नट-बोल्ट. मग भरणं. नाकापाशी दगडासारखं घट्ट, पोटात जरा सैल. काचेचे डोळे मेण लावलेल्या दोऱ्यात ओवून डोक्याच्या मागच्या बाजूला ओढून बांधायचे. डोळा दोन मिलिमीटर इकडचा तिकडे झाला की भाबडा चेहरा बावळट दिसायला लागतो. मग उसवा आणि परत बांधा! सगळ्यात शेवटी नाक, एकेक टाका घालून.

एका अस्वलाला १४ तास लागतात. मी घड्याळ लावून मोजलेत. पण दुर्दैवानं, नंतर मोजलेत.

आधी मी काय केलं? लोगो केला. फेसबुक पेज केलं. एक्सेलमध्ये रंगीबेरंगी तक्ता केला. आणि ओळखीतून एका कंपनीची ऑर्डर आणली (नाव विचारू नका). दिवाळीला वाटायला ४० अस्वलं, मुदत ३० दिवस. मावशी एरवी एक अस्वल १२०० रुपयांना द्यायची. तिकडून निरोप आला, "बल्क आहे, ९०० करा."

मावशी माझ्याकडे बघायला लागली. "जमेल का रे एवढं?"

"अगं, घे! होतं सगळं. नीट प्लॅनिंग करू. पुढच्या ऑर्डरी याच्यातूनच येतील."

आता गणित करा. ४० गुणिले १४, म्हणजे ५६० तास. भागिले ३० दिवस. रोजचे साडेअठरा तास! मी इंजिनियर आहे हो. बटणाचा रंग बदलायचं एस्टिमेट देतानासुद्धा मी दोन दिवस मागतो. आणि मावशीच्या बाबतीत हा एक साधा गुणाकार माझ्या डोक्यात आला नाही. कारण ते 'काम' वाटलंच नव्हतं. छंद ना तो! छंदाला कुठे तास लागतात?

अस्वलं वेळेवर गेली. काका हापिसातून येऊन रात्री एकपर्यंत पाय भरत बसायचे. मावशीच्या उजव्या अंगठ्यानं विसाव्या दिवशी संप पुकारला, तर पट्टी बांधून शिवत राहिली. सामानाचे एका अस्वलाला ६५० रुपये, म्हणजे २६ हजार तिनं स्वतःच्या खिशातून घातले. बिल ३६ हजारांचं. ते पैसे पाचव्या महिन्यात आले. हातात उरले १० हजार. तासाला अठरा रुपयेसुद्धा नाहीत. आणि पुढच्या ऑर्डरी? पुढच्या दिवाळीला त्या कंपनीनं सुकामेवा वाटला.

त्यानंतर आठ महिने मावशीनं सुई हातात धरली नाही. मशीनवर चादर टाकून ठेवलेली. मला एका शब्दानं बोलली नाही, हे तर जास्तच लागलं.

तर माझा राग कशावर आहे? कारागिराला 'मदत' म्हणजे त्याच्याकडून जास्त माल, कमी किमतीत, लवकर काढून घेणं, ही जी आपली समजूत आहे ना, तिच्यावर. आपल्या कंपन्या आपल्याला क्लायंटला कशा विकतात? तासावर! क्लायंट कधी म्हणतो का, "तुमचा लॅपटॉप आणि वीज धरून किती खर्च आला? त्यावर शंभर रुपये घ्या"? पण मावशीला प्रत्येकजण हेच विचारतो: "कापूस आणि कापडाचे किती होतात हो?" दीडशेची कॉफी पीत पीत विचारतो. मीही विचारलंय.

हा रोग जुना आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले होते. तिथे बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं आणि ते गाजलं. ब्रुकलिनमधले दुकानदार मॉरिस मिच्टम यांनी त्यावरून खिडकीत कापडी अस्वल ठेवलं, 'टेडी'ज बेअर'. पुढे त्यांची खेळण्यांची मोठी कंपनी झाली. गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पण ते अस्वल शिवलं कुणी? त्यांच्या बायकोनं, रोझनं. टेडीला नाव अध्यक्षांचं, कीर्ती दुकानदाराची, आणि टाके घालणारी तळटीपेत!

"पण श्टाइफ एवढी मोठी झालीच ना?" असं कुणीतरी म्हणणारच. झाली. मार्गारेटे श्टाइफ ही जर्मनीतल्या गिंगेन गावची. लहानपणीच्या पोलिओमुळे व्हीलचेअरवर असलेली बाई. १८८० मध्ये तिनं टाचण्या टोचायला फेल्टचा हत्ती केला आणि मुलं त्याच्याशी खेळायला लागली. १९०२ मध्ये तिचा पुतण्या रिचर्ड यानं हात-पाय हलणारं अस्वल बनवलं आणि १९०३ च्या लाइपझिग जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्यानं ३००० अस्वलांची ऑर्डर दिली. पण तोवर त्यांच्याकडे कारखाना होता, कॅटलॉग होता, शिवणाऱ्या बायका होत्या. ३००० अस्वलं एका मावशीनं स्वयंपाकघरात शिवली नाहीत! शिवाय १९०४ पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात बटण लागलं, म्हणजे स्वस्त नकलांशी किमतीत भांडत बसायचं नाही, आपली ओळख पटवायची. गंमत म्हणजे हीच कंपनी शंभर वर्षांनी काही माल चीनमध्ये बनवायला गेली आणि दर्जा जमेना म्हणून २००८ मध्ये तिनं ते काम परत आणायचं ठरवलं. ज्यांच्याकडे कारखाना आहे त्यांचीही ही गत.

मुद्दा एवढाच की कारखाना काढायचा असेल तर खुशाल कारखाना काढा. तो वेगळा धंदा आहे. त्याला भांडवल लागतं, माणसं लागतात. पण हातानं एकेक अस्वल करणारी बाई म्हणजे 'अजून मोठा न झालेला कारखाना' नव्हे. तिचा धंदा वाढतो तो अस्वलांच्या संख्येनं नाही, तिच्या तासाच्या भावानं.

"महाग केलं तर घेणार कोण?" बरोबर प्रश्न आहे. युरोप-अमेरिकेत टेडी बेअर आर्टिस्ट हा प्रकार अनेक वर्षं आहे. ते एकेकच किंवा मोजक्या संख्येनं अस्वलं करतात आणि घेणारे बहुतेक मोठी माणसं, संग्राहक. पण नुसत्या अस्वलांवर भागत नाही म्हणून बरेचजण पॅटर्न विकतात, कापड-डोळे-सांध्यांचे तयार संच विकतात, शिकवतात. एक पॅटर्न शंभरदा विकला तरी अंगठा दुखत नाही! आपल्या भाषेत सांगायचं तर, स्केल व्हायचं ते पॅटर्ननं व्हावं, मावशीनं नाही.

आठ महिन्यांनी चादर निघाली, तेव्हा मी तिची माफी मागितली आणि कागद-पेन घेऊन बसलो. आधी तास लिहिले. तासाला २०० रुपये धरले. (मावशी म्हणाली, "अय्या, एवढे?") किंमत झाली ३५००. महिन्याला पाचच अस्वलं. अर्धे पैसे आधी. पहिले तीन महिने एकूण एकच अस्वल गेलं आणि मी पुन्हा तोंड लपवून हिंडत होतो. आता पाचही जातात. महिन्याला ७० तासांत सव्वाचौदा हजार सुटतात. ५६० तासांत दहा हजार, आठवतंय ना? रविवारी ती सहाजणींना शिकवतेही. श्रीमंत झाली नाही. पण परवा एका बाईंनी "थोडं कमी करा ना" म्हटल्यावर ती शांतपणे म्हणाली, "नाही हो जमणार." मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि मंडळी, खरंच मदत करायची असेल तर वेबसाईट राहू द्या. आपल्याला जे येतं आणि तिला ज्याचा कंटाळा आहे ते करा, म्हणजे कागदपत्रं. १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या मालाला त्यातून सूट आहे. ती नोंदणी करून द्या. उद्यम नोंदणी फुकट होते, तीही करा. एमएसएमई कायदा २००६ चा आहे. त्यानुसार नोंदलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज. हे मला त्या पाच महिन्यांच्या आधी माहीत असतं तर!

आणि तुमच्या कंपनीत दिवाळीच्या भेटी ठरवायला तुम्हीच बसला असाल, तर 'बल्क डिस्काउंट' म्हणायच्या आधी एकदा गुणाकार करा. एका नगाला किती तास, किती नग, किती दिवस. एवढं तर आपल्याला येतं ना?

असो. सोमवारी त्या मित्राला ही लिंक पाठवणार आहे. त्याला मुलीसाठी अस्वल हवंय म्हणे. नंबर लावलाय त्यानं, दोन महिने थांबावं लागेल. आणि हो, ३५०० च. ओळखीचा म्हणून एक रुपया कमी नाही. :)