गणांची माळ
वृत्तांचे गण ओळखण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या घोकले गेलेले ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र केवळ स्मरणाची सोय म्हणून पढविले जाते. परंतु कोणत्याही मण्यापासून मोजू लागले तरी जी तीच राहते अशा माळांचा हिशेब ठेवणाऱ्या गणितशाखेच्या दृष्टीने पाहिले, तर लघु-गुरूंचे आठही त्र्यक्षरी गण त्यात एकेकदाच, आणि एकाही अक्षराची उधळपट्टी न होता, बसविलेले आढळतात. अखेरची दोन अक्षरे पहिल्या दोहोंप्रमाणेच लघु-गुरू असल्यामुळे ती गाळून टोके जोडली की आठ अक्षरांचे पूर्ण चक्र सिद्ध होते. अशा चक्रांना डच गणिती द ब्रुइन यांचे नाव त्यांच्या १९४६ सालच्या लेखामुळे मिळाले. ती रचण्याची फ्रेड्रिक्सन, केसलर व मायोराना यांची तजवीज विलक्षण सुटसुटीत आहे: लघूस ० व गुरूस १ मानून तीन मण्यांच्या चारही माळांचे कोशक्रमाने सर्वांत आधी येणारे वाचन घ्यावे, त्यात पुनरुक्ती असल्यास एकच आवर्तन ठेवावे, आणि हे खंड त्याच क्रमाने सलग लिहावेत, म्हणजे ०, ००१, ०११ व १ मिळून ०००१०१११ हे चक्र तयार होते, आणि ते उलट दिशेने फिरविताच आपले जुने सूत्र हजर होते. तीनाऐवजी दहा मणी घेतले तरी कायदा तोच, आणि गणकयंत्र १०२४ अंकांची माळ बिनचूक ओवून देते. पाठांतराला सरसकट तुच्छ लेखणाऱ्या विद्वानांनी, घोकंपट्टीच्या मजकुरातही किती काटेकोर बुद्धी मुरलेली असू शकते, याची एकदा रीतसर तपासणी करावी हे बरे.