‘शुद्ध’ म्हणजे नेमके काय?

काही महिन्यांपूर्वी एका रुग्णासोबत त्यांचा मुलगा चिकित्सालयात आला होता. रसायनशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी. त्रिभुवनकीर्तीच्या डबीवरील घटकद्रव्ये वाचून त्याने विचारले, “वैद्यराज, हे ‘शुद्ध वत्सनाभ’ म्हणजे किती टक्के शुद्ध?” प्रश्न साधाच होता, परंतु प्रस्तुत लेखकास त्याचे एका वाक्यात उत्तर देता आले नाही.

गंधकाचेच पाहावे. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक शुद्धतेचा गंधक बाजारात सहज मिळतो. आपण तो तुपात वितळवून दुधात ओततो, धुऊन वाळवितो आणि मगच त्यास शुद्ध म्हणतो. रसायनतज्ज्ञ म्हणेल, यात स्नेहाचा अंश शिरला, म्हणजे तो पूर्वीपेक्षा अशुद्ध झाला! दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्याची शुद्धता ‘अन्य काही नसणे’ ही आहे. आपली शुद्धता ‘प्रयोगास योग्य होणे’ ही आहे.

हा भेद केवळ आपल्याच शास्त्रात आहे असे समजू नये. सूक्ष्मजीवशास्त्रात एकाच जातीचे जीवाणू वाढलेले संवर्धन शुद्ध ठरते, मग ते रोगकारक का असेना. संगणकाच्या चिपसाठी लागणारे सिलिकॉन अब्जात एखादाच परका अणू राहील इतके निर्मळ करतात आणि नंतर त्यात मोजून मापून बोरॉन किंवा फॉस्फरस मिसळतात, कारण त्यावाचून ते कामाचे होत नाही. यास संस्कारच म्हणावयाचे. चरकसंहितेच्या निदानस्थानातही जी चिकित्सा एक व्याधी शमवून दुसरा उत्पन्न करीत नाही, तीच शुद्ध मानली आहे. तेथेही निकष परिणामाचा आहे.

वत्सनाभाच्या बाबतीत तर आधुनिक रसायनशास्त्र आपल्या बाजूने साक्ष देते. गोदुग्धात दोलायंत्राने स्वेदन केले असता त्यातील अकोनिटिन या तीव्र विषाचे विघटन होऊन बेंझॉइलअकोनिन व अकोनिन ही बरीच सौम्य द्रव्ये बनतात. मात्र येथेच एक सावधगिरी हवी. एकूण अल्कलॉइडांचे प्रमाण मोजणाऱ्या चाचणीत हा फरक पुरेसा दिसत नाही. अकोनिटिन स्वतंत्रपणे मोजावे लागते. ‘चाचणी केली आहे’ एवढ्या शब्दावर समाधान मानणाऱ्या औषधनिर्मात्यांनी हे ध्यानी घ्यावे.

आता थोडे कटू बोलावयाचे आहे. २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांचा अहवाल आला. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. ‘त्यांना शोधन-मारण कळत नाही’ असे उत्तर तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी दिले. रसौषधींपुरते ते अंशतः खरे आहे. एकूण पारा किती, हे सांगणारा आकडा तो कज्जलीच्या रूपात आहे की मुक्त स्वरूपात, हे सांगत नाही. परंतु केवळ वनस्पतिज चूर्णात शिसे सापडले, तर तेथे शोधनाचा काय संबंध? ते जमिनीतून, वाळवणीच्या जागेतून किंवा दळणयंत्रातून आलेले भेसळरूप मालिन्य होय. वारितर, रेखापूर्ण, अपुनर्भव या भस्मपरीक्षा आपल्या जागी श्रेष्ठ आहेत. पण चूर्णातील दशलक्षांशात मोजावयाचे शिसे त्यांनी कळत नाही. १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिज औषधांना जड धातूंची तपासणी अनिवार्य झाली. शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ भाग प्रतिदशलक्ष, या त्या मर्यादा. देशातील रुग्णासाठी वेगळा न्याय लावण्याचे कारण प्रस्तुत लेखकास दिसत नाही.

म्हणून सूचना अशी की, ‘शुद्ध’ हा शब्द एकटा लिहू नये. कोणत्या द्रव्यात, किती काळ, किती वेळा शोधन केले, हे विषद्रव्यांच्या बाबतीत तरी निर्मितिनोंदीत असावे आणि मागणाऱ्या वैद्यास मिळावे. गोमूत्रात तीन दिवस भिजवून उन्हात वाळविलेला बचनाग आणि दुधात स्वेदन केलेला बचनाग एकसारखाच असेल, असे गृहीत धरून आपण मात्रा ठरवितो, ते कशाच्या आधारावर?

त्या विद्यार्थ्याच्या भेटीनंतर लेखकाने आपल्या तीन पुरवठादारांना हीच विचारणा केली. एकाने गोमूत्र, दिवस व तारखांसह नोंदवहीच्या पानाची प्रत पाठविली. दुसऱ्याकडून प्रमाणपत्र आले. त्यात आर्द्रता व राखेचे प्रमाण होते, शोधनाचा उल्लेखही नव्हता. तिसऱ्याने दूरध्वनी करून विचारले, “वैद्यराज, काही तक्रार आली आहे का?” तूर्त बचनागाचे कल्प लेखक पहिल्याकडूनच मागवितो.