आधी व्यवस्था, मग बंदी

मार्च २०२० मध्ये गोमंतकीय जनतेने जे दिवस काढले, त्यांना आता पाच वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. काळ हे दुःखावरचे औषध असते, असे म्हणतात. परंतु त्या औषधाच्या आधाराने राज्यकर्त्यांनी हिशेबाची वहीच मिटून ठेवावी, हे आम्हांस मान्य नाही. महामारीत किती रुग्ण सापडले, किती बरे झाले आणि किती दगावले, यांचे आकडे सरकारदप्तरी आहेत. पण टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात किती घरांत चूल पेटली नाही, किती वृद्धांची रक्तदाबाची गोळी चुकली, किती रोजंदारांना उधारीच्या तांदळावर दिवस काढावे लागले, याची नोंद कोणी ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ज्याची नोंद नाही त्याची जबाबदारीही नाही, असा शासनव्यवहाराचा शिरस्ता आहे. तो मोडावा, यासाठी हा विषय आम्ही पुन्हा हाती घेत आहो.

त्या दिवसांचा क्रम आठवून पाहावा. रविवार, २२ मार्च २०२० रोजी देशभर जनता संचारबंदी पाळली गेली. नेमक्या त्याच दिवशी गोव्यात जिल्हा पंचायतींचे मतदान व्हावयाचे होते. ते ऐन वेळी पुढे ढकलले गेले आणि अखेर १२ डिसेंबर २०२० रोजी पार पडले. म्हणजे साथ उंबरठ्यावर येऊन उभी असताना प्रशासन मतदानाच्या तयारीत गुंतले होते. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. चार तासांची ही मुदत अपुरी होतीच. तथापि केंद्राच्या आदेशात धान्य, किराणा, भाजी, दूध, मासळी आणि औषधे यांच्या दुकानांना सूट होती. गोव्याच्या सरकारने मात्र त्याहून कडक पाऊल उचलले आणि किराणा-भुसाराची दुकानेही बंद ठेवविली. जीवनावश्यक वस्तू घरपोच मिळतील, असे आश्वासन देण्यात आले. पंचायतींनी आणि स्वयंसेवकांनी हे काम करावे, अशी कल्पना होती. कल्पना वाईट नव्हती. पण तिच्यामागे ना याद्या होत्या, ना वाहने, ना माल. दोन-चार दिवसांतच सरकारला माघार घेऊन दुकाने उघडू द्यावी लागली, आणि तीही रात्रंदिवस!

या माघारीचा परिणाम काय झाला? जी गर्दी टाळण्यासाठी दुकाने बंद केली, तीच गर्दी दुकाने उघडताच दुपटीने दारात येऊन उभी राहिली. आज उघडे आहे, उद्या कोण जाणे, या धास्तीने ज्याला दोन किलो तांदूळ पुरला असता त्याने दहा किलो नेला, आणि ज्याच्या खिशात पैसे नव्हते त्याच्या वाट्याला रिकामी फळी आली. बंदोबस्तासाठी केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या तुकड्या रस्त्यावर आल्या. सामानासाठी बाहेर पडलेल्यांवर लाठ्या चालल्याच्या तक्रारी झाल्या. घरात अन्न नाही म्हणून बाहेर पडावे तर पाठीवर वळ, आणि घरात बसावे तर पोटात खड्डा, अशा कात्रीत सापडलेल्या माणसाला शिस्तीचे पाठ देणे ही क्रूर थट्टा होय.

गोव्याची स्थिती ध्यानात घेता हे संकट अनपेक्षित मुळीच नव्हते. आपली भाजी मुख्यतः बेळगावहून चोर्ला घाटाने येते. दूध, धान्य, कोंबड्या, अंडी यांचाही मोठा भाग शेजारच्या कर्नाटक व महाराष्ट्रातून येतो. सीमेवर मालमोटारी अडल्या की दुसऱ्या दिवशी पणजीच्या आणि म्हापशाच्या बाजारात त्याचे पडसाद उमटतात, हे एखादी सामान्य गृहिणीही सांगेल. मासळीचा बाजार बंद, पोदेराच्या सायकलीचा भोंगा थांबलेला, अशा स्थितीत गोमंतकीयांच्या ताटात काय पडणार, हा विचार बंदीच्या आदेशाआधी व्हावयास हवा होता. २०१८ पासून खाणी बंद पडल्याने आतल्या तालुक्यांतील घरे आधीच खचली होती. पर्यटनाचा हंगामही मध्येच तुटला. शॅकवरचा वाढपी, मोटरसायकल पायलट, बांधकामावरचा मजूर, धुणीभांडी करणारी बाई यांची मिळकत एका रात्रीत शून्यावर आली. गोव्याचे शेकडो खलाशी परदेशी जहाजांवर अडकून पडले आणि त्यांच्या घरची माणसे वाटेकडे डोळे लावून बसली. परप्रांतीय मजुरांना गावी परतण्यासाठी मे महिन्यात थिवी, मडगावसारख्या स्थानकांतून विशेष गाड्या सुटल्या. तोवरचे सहा आठवडे त्यांनी कसे काढले, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

या काळात समाज तगला तो कोणाच्या बळावर? वाड्यावरच्या लहान दुकानदाराच्या वहीवर, शेजारणीने पाठविलेल्या पेजेवर, स्वतःच्या दुचाकीने औषधे पोचविणाऱ्या तरुणांवर आणि काही तळमळीच्या पंच-सरपंचांवर. भीतीपोटी काही गावांनी वाटेवर दगड-बांबू टाकून रस्ते अडविले, हेही खरे, आणि ते शोभणारे नव्हते. परंतु शासनाकडून खात्रीचा शब्द मिळेनासा झाला की माणसे आपापल्या वेशी बंद करू लागतात, हा मानवी स्वभाव आहे. आदेश सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा. त्यांतले बहुतेक इंग्रजीत, आणि ते सामान्यांपर्यंत पोचत ते मोबाइलवरच्या अर्धवट संदेशांतून. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषेचे आणि मराठीला सरकारी कामकाजात वापराचे स्थान दिले. जिवावर बेतले असताना तरी या भाषांची आठवण सरकारला व्हावयास नको होती काय?

दुसरी बाजू आम्ही नाकारीत नाही. रोग नवा होता, लस नव्हती, खात्रीचा उपचार नव्हता. गोव्यात २५ मार्च रोजी पहिले तीन रुग्ण आढळले, एप्रिलच्या आरंभी ही संख्या सातवर गेली आणि १९ एप्रिलपर्यंत ते सर्व बरे झाले, ही गोष्ट राज्याच्या आरोग्यसेवकांना भूषणावह होती. पण एवढ्यावरून त्या आठवड्यातील हालअपेष्टांविषयी कोणी ब्रही काढू नये, असा युक्तिवाद जे करतात त्यांना आमचा सवाल आहे: माणसाला घरात राहा म्हणून सांगणे आणि त्याला उपाशी ठेवणे यांत काही अपरिहार्य नाते आहे काय? जनतेचा राग घरी बसण्यावर नव्हता. तिचा राग होता तो विचारपूस न करता दाराला बाहेरून कडी लावण्यावर. शिवाय आरंभीचे यश टिकले नाही. १ जून रोजी वास्कोच्या मांगोरहिलवर प्रतिबंधित क्षेत्र जाहीर करावे लागले. मे २०२१ मध्ये तर बांबोळीच्या गोमेकॉ इस्पितळातील प्राणवायूच्या पुरवठ्यासाठी उच्च न्यायालयाला आदेश द्यावे लागले. चौदा महिन्यांपूर्वी तांदळाच्या बाबतीत जे झाले तेच प्राणवायूच्या बाबतीत झाले. पुरवठ्याचा विचार गरज दारात आल्यावर सुरू झाला, आणि या वेळी त्याची किंमत माणसांनी प्राणांनी मोजली.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. ज्या साथरोग कायद्याचा आधार सरकारे घेतात, तो १८९७ सालचा, मुंबई इलाख्यातील प्लेगच्या वेळचा. मुळात अवघ्या चार कलमांच्या या कायद्यात सरकारला वाटतील ते उपाय योजण्याची मुभा आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे, सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण आहे. नागरिकाला मात्र त्यात एकही हक्क नाही. पुण्यात त्या काळी प्लेगच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत शिरून जे अत्याचार झाले आणि त्यातून जी आग भडकली, तो इतिहास मराठी वाचकाला सांगावयास नको. परकीय सत्तेने प्रजेसाठी केलेला कायदा स्वतंत्र देशाने नागरिकांवर चालवावा, ही शोचनीय गोष्ट आहे. २०२० च्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांना संरक्षण दिले, त्याचे आम्ही स्वागतच करतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने या कायद्याच्या उणिवा दाखवून सुधारणेची किंवा नव्या कायद्याची शिफारस केली. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यात मात्र आपद्ग्रस्तांना निवारा, अन्न, पाणी, वैद्यकीय मदत यांची किमान मानके ठरविण्याची तरतूद आहे. टाळेबंदी याच कायद्याखाली लादली गेली. शिक्षेची कलमे तेवढी तत्परतेने वापरली गेली आणि मदतीचे कलम मागे राहिले, ही आमची तक्रार आहे.

तेव्हा केंद्राची वाट न पाहता गोव्याने आपल्यापुरते काही ठरवावे, असे आमचे मत आहे. राज्यात १९१ ग्रामपंचायती आहेत. एवढ्या लहान राज्याला हे अवघड नाही. प्रत्येक पंचायतीने व पालिकेने एकटे राहणारे वृद्ध, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, भाडेकरू आणि रोजंदार यांची यादी तयार ठेवून ती दरवर्षी तपासावी. वाड्यावरील दुकानदार, औषधविक्रेते, दूधवाले, पोदेर यांना या योजनेत आधीच सामील करून घ्यावे. सीमेवरून माल येण्याविषयी शेजारच्या दोन्ही राज्यांशी लेखी समझोता असावा. बंदीचा आदेश कोकणी व मराठीत, पुरेशी मुदत देऊन, पुरवठ्याच्या तपशिलासह निघावा, आणि तक्रार कोणाकडे करावयाची ते त्यातच नमूद असावे. बंदी उठल्यावर ठरावीक मुदतीत सरकारने विधानसभेपुढे सविस्तर अहवाल ठेवावा. चाळीस आमदारांच्या सभागृहाने एक दिवस या विषयाला द्यावा, ही मागणी अवाजवी नाही.

साथींचे अनुभव या भूमीला नवे नाहीत. एके काळी वैभवाने मिरविणारे जुने गोवे रोगराईने ओस पडले आणि राजधानी पणजीला आली, हे आपल्या इतिहासातच लिहिलेले आहे. पुढची साथ केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण ती आली असता सरकार जनतेला पुन्हा घरी बसण्यास सांगेल, हे निश्चित. त्या वेळी जनतेने विश्वासाने दार लावून घ्यावे असे वाटत असेल, तर घरात धान्य आणि औषध पोचण्याची तजवीज सरकारने आजच केली पाहिजे.