वाचनाआधीचे घर

वाचायला शिकणारे मूल एकाच वेळी दोन कामे करत असते. कागदावरच्या खुणेचा आवाज ओळखणे हे पहिले, आणि त्या आवाजांतून ओळखीचा शब्द शोधून काढणे हे दुसरे. पहिले काम बहुतेक शाळेत शिकवले जाते. दुसऱ्याची तयारी मात्र घरी आधीपासून झालेली असावी लागते, कारण जो शब्द कधी कानावरून गेलेला नाही, तो सगळी अक्षरे ओळखूनही मुलाला सापडत नाही. ‘वखर’ हा शब्द घ्या. तीन साधी अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. शेतावर वाढलेले, खानदेशातल्या असोदा गावचे मूल तो वाचते आणि लगेच मान डोलावते. वखर कधी न पाहिलेले शहरातले मूल तीच तीन अक्षरे बरोबर उच्चारते आणि पुढे काय, म्हणून थांबते.

म्हणूनच आईबापांना वाचता येत नाही ही अडचण खरी असली, तरी समजली जाते तेवढी मोठी नाही. याचा सर्वांत ठळक दाखला असोद्याचाच आहे. बहिणाबाई चौधरी १८८० मध्ये या गावात जन्मल्या आणि लग्नानंतर जळगावात नांदल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, घरकामात त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ पितांबर यांनी ऐकून उतरवून घेतली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये, बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर वर्षभरात, ती पुस्तकरूपाने आली. अक्षर न ओळखणाऱ्या बाईच्या घरात सोपानदेवांसारखा कवी वाढला, कारण त्या घरात भाषा भरपूर होती. अशी प्रतिभा घरोघर नसते, हे उघड आहे. पण ओव्या, म्हणी, कोडी, देवाच्या कहाण्या आणि शेतातल्या प्रत्येक वस्तूचे नेमके नाव एवढे भांडवल खानदेशातल्या बहुतेक आज्यांकडे आजही असते. ‘आम्हाला कुठे वाचता येतं’ म्हणत तेच घर सगळा भार शाळेवर आणि शिकवणीवर टाकते, हे फार मोठे नुकसान आहे.

घराने करायचे पहिले काम म्हणजे बोलणे. ‘जेव’, ‘झोप’, ‘गप्प बस’ हे हुकूम झाले; त्यांतून मुलाची भाषा वाढत नाही. भरीत करताना वांगी काड्यांवर का भाजायची, केळीचा घड कधी उतरवायचा, काल पाऊस आला तेव्हा कापूस कुठे ठेवला, असे सांगत-विचारत राहिले की मूल लांब वाक्ये ऐकते आणि तशी बोलूही लागते. गोष्ट सांगताना मध्येच थांबून ‘मग काय झालं असेल?’ असे विचारले, तर पुढचा अंदाज बांधण्याची सवय लागते. वाचताना नेमकी हीच सवय कामी येते. भेंड्यांचा खेळही साधा वाटतो, पण शब्दाचे शेवटचे अक्षर कानाने वेगळे काढल्याशिवाय तो खेळताच येत नाही. शब्द आवाजांच्या तुकड्यांचा बनलेला असतो, हे मुलाला पाटी हातात येण्याआधी या खेळातून कळते.

यानंतरचा मुद्दा खानदेशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि दुर्लक्षही सर्वांत जास्त त्याच्याकडेच होते. जळगाव-यावल-भुसावळच्या पट्ट्यात अनेक घरांत लेवा गणबोली बोलली जाते. धुळे आणि अमळनेरकडे अहिराणी. पुस्तकातली मराठी यांहून बरीच वेगळी. लेवा बोलीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, ‘ण’चा ‘न’ होतो, ‘विहीर’ची ‘इहीर’ होते. पहिलीतले मूल पुस्तकात ‘डोळा’ पाहते आणि ‘डोया’ म्हणते. घरात कोणी शिकलेला काका असला, तर तो लगेच टोकतो: ‘डोया नाही, डोळा म्हण.’ वास्तविक त्या मुलाने शब्द अचूक वाचलेला असतो. खुणा ओळखल्या, अर्थ लावला आणि तो आपल्या जिभेवर बसलेल्या आवाजात सांगितला. इथे टोकले की मुलाला वाटते, वाचताना चुकले. दोन-चारदा असे झाले की ते मोठ्याने वाचणेच टाळते. उच्चार पुढे हळूहळू, ऐकून ऐकून सुधारतो. प्रमाण मराठी शिकायचीच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण घरची बोली ही त्या शिक्षणाची पहिली पायरी आहे. बोली तोडून टाकल्यास मुलाजवळचे शब्दच कमी होतात.

घरात अक्षरे शिकवायची हौस असेल, तर बाराखडीच्या घोकंपट्टीपासून सावध राहावे. क-का-कि-की सुरात म्हणणाऱ्या अनेक मुलांना पानाच्या मध्येच ‘की’ दिसली तर ओळखता येत नाही. त्यांना पहिल्यापासून म्हणत तिथपर्यंत यावे लागते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनाची जी पद्धत घडवली, तिच्यात वर्णमालेचा क्रम बाजूला ठेवून अक्षरांचे छोटे गट घेतले जातात. क, म, ल, ब आणि काना एवढ्यावर काका, मामा, बाबा, काम, लाल, कमल असे शब्द होतात. पहिल्या काही दिवसांतच मुलाला अर्थ असलेले काही तरी वाचल्याचे समाधान मिळते. देवनागरीच्या काही खोचा नंतर येतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहितात आणि नंतर उच्चारतात, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. तिथे मूल अडखळणारच. रागावण्यासारखे त्यात काही नाही.

घरी करण्याजोगा सर्वांत चांगला उपाय सोपानदेवांनी आईसाठी केला तोच आहे, फक्त उलट दिशेने: मूल बोलेल ते मोठ्यांनी लिहून घ्यावे. ‘आमची गाय व्याली. पाडसाले पांढरा टिया हाये.’ एवढे मुलाच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरात वहीच्या पानावर लिहायचे, खाली चित्र त्याने काढायचे, आणि मग ते त्यालाच वाचायला द्यायचे. मजकूर त्याचाच असल्याने अर्थ शोधायचे कष्ट उरत नाहीत. सगळे लक्ष अक्षरांकडे जाते. न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अॅश्टन-वॉर्नर यांनी माओरी मुलांना असेच, त्यांनी स्वतः मागितलेल्या शब्दांतून वाचायला शिकवले. त्यांचे ‘टीचर’ हे पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. परक्या जगातली इंग्रजी वाचनपुस्तके त्या मुलांना आपली वाटत नव्हती. आईला लिहिता येत नसेल, तर चौथी-पाचवीतली ताई हे काम उत्तम करते, आणि तिचेही लिहिणे सुधारते.

रोज दहा-पंधरा मिनिटे शेजारी बसून वाचणे पुरेसे आहे. पुस्तक मुलाने निवडावे. तेच पुन्हा पुन्हा निवडले तरी हरकत नाही. शब्दाशी अडले तर क्षणभर थांबावे, तरीही जमले नाही तर शब्द सांगून पुढे जावे. प्रत्येक ओळीनंतर परीक्षा घेऊ नये. वाचता न येणाऱ्या आईनेही चित्रे पाहत, प्रश्न विचारत ऐकावे. ऐकणारे माणूस असले की मूल वाचते. माधुरी पुरंदरे यांची चित्रमय पुस्तके या वयासाठी फार चांगली आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, आणि फोनचा यापेक्षा चांगला उपयोग क्वचितच असेल. पुस्तक नसेल तर एसटीची पाटी, बियाण्याची पिशवी, किराण्याच्या पुड्याचे वर्तमानपत्र हेही वाचनच.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे २०२१ च्या ‘निपुण भारत’ अभियानाचे उद्दिष्ट आहे, मुदत २०२६-२७. महाराष्ट्रात २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी मेळाव्यांतून गावोगाव मातांचे गट तयार झाले. अशा गटातल्या आयांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसून एकमेकींच्या मुलांचे वाचन ऐकले, तर मेळाव्याचा दिवस संपल्यावरही त्याचा उपयोग राहील. सरकारी योजनांत हा भाग सर्वांत स्वस्त आहे आणि तो जपला पाहिजे.

काही मुले मागे राहतात. सहा-सात वर्षांपर्यंत अक्षरे उलटी काढणे, सारखी दिसणारी ‘भ’ आणि ‘म’ गोंधळणे सर्रास घडते. त्यावरून मुलाला मठ्ठ ठरवणे अन्यायाचे आहे. दुसरी संपत आली तरी साधे दोन-तीन अक्षरी शब्द वाचता येत नसतील, तर मात्र वाट पाहत बसू नये. आधी डोळे आणि कान तपासावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. त्या दिवशी मूल घरी राहणार नाही, याची काळजी पालकांनी घ्यावी. नजर आणि श्रवण ठीक असूनही वाचन जमत नसेल, तर अध्ययन अक्षमतेची तपासणी शिक्षकांशी बोलून जिल्हा रुग्णालयात करून घ्यावी.