धर्माच्या रकान्यात काय लिहायचं?

माझ्या शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू महार' असं लिहिलेलं आहे. घरात बुद्ध आणि बाबासाहेब सोडून तिसरी तसबीर नव्हती. पौर्णिमेला आजी पांढरं लुगडं नेसून त्रिसरण-पंचशील म्हणायची. मग दाखल्यावर हे कसं? कॉलेजात असताना वडिलांना मी चिडूनच विचारलं. ते म्हणाले, "बौद्ध लिहिलं असतं तर उद्या रेल्वेत, पोस्टात तुला जागा मिळाली असती का?"

त्यांचा हिशोब चुकीचा नव्हता. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असायला हवा होता. 1956 मध्ये त्यात सगळ्या शीख दलितांची भर पडली. बौद्धांसाठी कायदा बदलला तो 1990 मध्ये. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा घेतलेल्यांची मुलं तोवर बापे झाली होती. महाराष्ट्र सरकारने आधीच सवलती दिल्या होत्या, पण केंद्राचं दार बंद होतं. माझा दाखला 1990 च्या आधीचा. वडिलांनी धम्म सोडला नव्हता, फक्त कागदावरून उतरवला होता.

पण त्याची सवय लागते, आणि ती रकान्यापुरती राहत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या वार्षिक अंकात मी आजीवर लेख लिहिला. सगळ्यांनी कौतुक केलं. पुढे कधीतरी तो वाचला आणि लाज वाटली. त्रिसरणाची 'प्रार्थना' झाली होती, चौदा एप्रिलचा 'सण', आणि वस्तीची 'आमची गल्ली'. असं लिही म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. घरातला पहिला पदवीधर आपला लेख स्वतःच आधी तपासतो, आणि बहुतेक आपण त्यालाच चांगली भाषा समजतो.

तामिळ लेखिका बामा यांचं 'करुक्कु' मी पुष्कळ उशिरा वाचलं. त्या दलित ख्रिस्ती घरातल्या. गरीब मुलींसाठी काही करता येईल म्हणून नन झाल्या, आणि मठातही जात भेटली. 1992 मध्ये त्या बाहेर पडल्या, त्याच वर्षी पुस्तक आलं. करुक्कु म्हणजे दोन्ही कडांना करवतीसारखे दाते असलेलं ताडाचं पान. त्यांनी ते वस्तीच्या बोलीत लिहिलं, म्हणून नावंही ठेवली गेली. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की श्रद्धा आणि जात या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच पानावर लिहिल्या. सरकारी कागदावर त्यांच्या समाजाला आजही तसं करता येत नाही. ख्रिस्ती किंवा मुसलमान लिहिलं की अनुसूचित जात संपते, जणू पाण्याचा हंडा वेगळा ठेवणाऱ्याने आधी बाप्तिस्म्याचा दाखला मागितला होता. आपला प्रश्न 1990 मध्ये सुटला, म्हणून त्यांच्या प्रश्नावर गप्प राहणारे आपल्यातही आहेत. ते मला पटत नाही.

आणि आपला तरी कितपत सुटला? सरकारी योजनांच्या पाट्यांवर आपण अजून 'नवबौद्ध' आहोत. सत्तर वर्षं होत आली, हा 'नव' काही जुना होत नाही.

हे सगळं आत्ताच लिहिण्याचं कारण जनगणना. 2027 च्या मोजणीत धर्म विचारला जाईल, जातही विचारली जाईल. 2011 मध्ये देशात सुमारे 84 लाख बौद्ध नोंदले गेले, त्यांतले 65 लाख महाराष्ट्रातले. घराघरांतल्या तसबिरी मोजल्या तर आकडा एवढाच निघेल, असं मला वाटत नाही. 'दाखल्यावर वेगळं आहे, आता बौद्ध सांगितलं तर पोराचं आरक्षण जाईल' ही भीती मी शिकलेल्यांच्या तोंडूनही ऐकतो. ती धरायचं कारण नाही. बौद्ध असूनही अनुसूचित जातीचा हक्क कायद्याने शाबूत आहे. जनगणनेत दिलेली माहिती 1948 च्या कायद्याने गोपनीय असते, ती पुरावा म्हणून वापरता येत नाही. धर्म बौद्ध सांगा, जातही सांगा. प्रगणक मोबाइलवर नोंद करील, तेव्हा त्याने काय भरलं ते वाचून दाखवायला सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ त्या वेळी तुम्ही बसा.

आजीवरचा तो लेख मी पुन्हा काढला आहे. 'प्रार्थना' खोडून त्रिसरण लिहिलं. वस्तीचं नाव अजून लिहायचं आहे.