तक्रार केली हाच अपराध काय ?

गेल्या आठवड्यांत एका सुताराचें पत्र आमच्या हातीं आलें. म्हातारा स्वतः चार बुकांपुढें गेला नाहीं, पण दावणीची म्हैस विकून त्यानें मुलाला शिकविलें आणि मुलगा सरकारी कचेरींत कारकून झाला. तेथें वरिष्ठानें चारचौघांत त्याची जात काढली. सेवेनें मोठा असतांहि त्याच्यापुढून कामाचें टेबल उचलून दुसऱ्याला दिलें. मुलानें लेखी तक्रार केली. दोन महिने होतात न होतात तोंच त्याची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली आणि वार्षिक अहवालांत ‘सहकाऱ्यांशीं पटत नाहीं’ असा शेरा पडला. मूळ तक्रारीचा निकाल एका ओळीचा : ‘तथ्य आढळून येत नाहीं.’ म्हातारा विचारतो, आतां कोणाचे पाय धरूं ?

पाय कोणाचेहि धरूं नयेत. पाय धरण्याचे दिवस होते ते गेले. १९१७ सालीं परदेशांतून विद्या घेऊन आलेले डॉ. आंबेडकर बडोदें संस्थानच्या नोकरींत गेले, तेव्हां कचेरींतले शिपाई त्यांच्या अंगाला विटाळ नको म्हणून कागद लांबूनच टाकीत आणि शहरांत त्यांना राहावयास जागा मिळाली नाहीं. अखेर त्यांना नोकरी सोडावी लागली. आज घटनेचें सोळावें कलम सरकारी नोकरींत जातीवरून, धर्मावरून किंवा स्त्रीपुरुष म्हणून भेद करण्यास मनाई करतें. मात्र कलम कागदावर असतें आणि वरिष्ठ खुर्चीवर असतो. दोघांची गांठ घालून द्यावयाची तर मुदतींत अर्ज करणें हें काम नोकरालाच करावें लागतें.

आमच्या लोकांचें घोडें पेंड खातें तें येथेंच. अन्याय झाला कीं आमचा माणूस आधीं पुढाऱ्याच्या वाड्यावर जातो. पुढारी चिठ्ठी देतो, साहेब ‘पाहतों’ म्हणतात. मग विनंतीअर्ज, त्यावर स्मरणपत्र, त्यावर दुसरें स्मरणपत्र. अशी दोन वर्षें जातात. आणि मुदत ? ती अर्जांनीं वाढत नाहीं. कायद्यांत ज्याची तरतूद नाहीं असे अर्ज पुन्हां पुन्हां केल्यानें दाव्याची मुदत लांबत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं १९८९ सालींच सांगून ठेविलें आहे. ही गोष्ट घरांतल्या प्रत्येक नोकरदार मुलाच्या कानावर घालावी.

आतां वाट कोणती तें पाहूं. चौकशी करून शिक्षा दिली असेल, तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील आहे. महाराष्ट्राच्या १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणें हुकुमाची प्रत हातीं पडल्यापासून ४५ दिवसांत तें गेलें पाहिजे. अपील स्वतःच्या नांवानें करावें आणि त्यांत शिवीगाळ नसावी. राग कितीहि खरा असला, तरी साहेबाला ‘नीच’ म्हटल्यानें आपलाच कागद परत येतो. चौकशी नियमाप्रमाणें झाली कीं नाहीं, ठपक्याला पुरावा आहे कीं नाहीं, शिक्षा अपराधाच्या मानानें जास्त कीं काय, या तीन गोष्टी अपील ऐकणाऱ्यास पाहाव्याच लागतात. म्हणून त्याच तीन गोष्टींवर लिहावें.

तेथें न्याय मिळाला नाहीं तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण आहे. १९८५ च्या कायद्याखालीं तें १९९१ सालीं स्थापन झालें. मुंबई, नागपूर व औरंगाबाद (आतां छत्रपती संभाजीनगर) येथें त्याचीं पीठें बसतात. खात्यांतील उपाय आधीं करून पाहावा लागतो. अपिलावर सहा महिने उत्तरच आलें नाहीं, तर तो उपाय संपला असें धरतात. शेवटच्या हुकुमापासून, किंवा उत्तर न आल्यास ते सहा महिने सरल्यापासून, एक वर्षांत अर्ज गेला पाहिजे. वकील देतां येतो, आणि ऐपत नसेल तर स्वतः उभें राहतां येतें. तेथेंहि हार झाली तर उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढें जातां येतें; ही वाट १९९७ सालच्या निकालानें पक्की झाली. जिल्हा परिषदेचे नोकर मात्र या न्यायाधिकरणाच्या कक्षेंत येत नाहींत, त्यांनीं आपले नियम वेगळे पाहावे.

बदलीचें प्रकरण थोडें अवघड. बदली ही नोकरीचा भागच, असें म्हणून न्यायालयें सहसा तींत हात घालीत नाहींत. पण राज्याच्या २००५ च्या बदली कायद्यानें एका जागीं सामान्यतः तीन वर्षें ठरविलीं आहेत. मध्येंच हलवावयाचें तर कारणें लिहून वरची मंजुरी आधीं घ्यावी लागते. शिवाय शिक्षेऐवजीं म्हणून केलेली बदली बेकायदा होय, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं एका निनावी अर्जावरून झालेल्या बदलीच्या खटल्यांत ठरविलें. सूड सिद्ध करावयाचा तो तारखांनीं. तक्रार कोणत्या दिवशीं दिली, साहेबांना ती कधीं कळली, बदलीचा प्रस्ताव कोणत्या दिवशीं निघाला ? हे कागद माहितीच्या अधिकाराखालीं दहा रुपयांच्या फीवर मागतां येतात. ज्याच्यावर द्वेषाचा आरोप, त्याला नांवानिशीं पक्षकार करावें. ‘वरिष्ठांनीं छळ केला’ अशा मोघम बोलण्यास न्यायालयांत किंमत नाहीं.

शेऱ्याचेंहि तसेंच. अहवालांतील प्रत्येक नोंद नोकराला कळविलीच पाहिजे, हें २००८ सालीं ठरलें आहे. मग तिच्याविरुद्ध लेखी म्हणणें मांडावें. गप्प बसल्यास तोच शेरा पुढें बढतीच्या वेळीं आडवा येतो.

कित्येक बांधव आयोगाकडे धांव घेतात. मागासवर्ग आयोगाला २०१८ सालीं घटनेचा आधार मिळाला. तो साक्षीला बोलावूं शकतो, कागद मागवूं शकतो. पण हुकुमाला स्थगिती देण्याचा अधिकार अशा आयोगांना नाहीं, हें अनुसूचित जाती-जमातींच्या आयोगाच्या बाबतींत १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें आहे. आयोगाकडे अवश्य जावें, पण न्यायाधिकरणाची मुदत त्याच्या भरंवशावर सोडूं नये.

एक कडू गोष्ट बोलल्यावांचून राहवत नाहीं. या सुताराच्या मुलावर जात काढली गेली तेव्हां त्या खोलींत आमचेच तीन जण बसले होते, असें पत्रांत आहे. साक्षीची वेळ आली तेव्हां एकाला ऐकूं आलें नव्हतें, दुसरा चहाला गेला होता, तिसऱ्याची बढती जवळ आली होती. आणि जात काढणारा वरिष्ठ कोण ? तोहि कुणब्याच्याच पोटचा. खुर्ची मिळाली कीं आमच्यांतले कित्येक जुन्या भटशाहीचाच अंगरखा चढवितात, आणि तो त्यांना अगदीं अंगासरसा बसतो !

म्हाताऱ्यानें कळविलेल्या तारखेवरून पाहतां मुलाच्या बदलीला पुढील महिन्यांत दहा महिने पुरे होतात. वर्षाच्या मुदतींतले दोनच उरतात. त्यानें तक्रारीची पोंच, बदलीचा हुकूम, शेऱ्याची प्रत आणि त्या एका ओळीचा निकाल घेऊन या रविवारींच आमच्या कचेरींत यावें. अर्ज लिहून देणारा माणूस आम्ही बसवून ठेवितों.